पुण्याहून अर्धा दिवस : भुलेश्वर, रोटीची वायनरी आणि गावचं जेवण (सोलापूर रोड)

सोलापूररोडवाला

राम राम मंडळी,

दर हिवाळ्यात आमच्याकडे कुणी ना कुणी बाहेरगावाहून येतं आणि दुसऱ्या दिवशी विचारतं की इथे जवळ वायनरी आहे का हो बघण्यासारखी. की लगेच घरातले सगळे एका सुरात नाशिक म्हणतात. अरे पण पुण्याहून नाशिक म्हणजे दोनशेच्या वर किलोमीटर, त्यात चाकण पार करेपर्यंतच माणूस म्हातारा होतो, म्हणजे मुक्काम आला, हॉटेल आलं, खर्च आला. आपल्या हडपसरच्या बाजूला, सोलापूर रोडवर, सकाळी निघून चार वाजेपर्यंत घरी परत येता येईल असा रस्ता असताना लोक तिकडे का जातात कळत नाही. म्हणून हा धागा.

सकाळी साडेसहाला हडपसर सोडायचं. हे महत्त्वाचं, कारण आठनंतर लोणी काळभोरपर्यंत ट्रक आणि कंपन्यांच्या बसेसमध्ये अडकलात तर पुढचं सगळं गणित कोलमडतं. उरुळी कांचन मागे टाकून यवतला आलं की उजवीकडे भुलेश्वरचा फाटा. देऊळ माळशिरस गावच्या हद्दीत आहे, पण हे पुरंदर तालुक्यातलं माळशिरस, सोलापूर जिल्ह्यातलं नाही, मॅप लावताना नीट बघा नाहीतर अकलूजला पोचाल (तिकडेही एक मोठी वायनरी आहे म्हणा, पण ती अर्ध्या दिवसात होत नाही).

भुलेश्वर बाहेरून बघितलंत तर देऊळ वाटतच नाही. भिंत, घुमट, एखादी गढी असावी तसं. मग बाजूच्या चिंचोळ्या दारातून अंधाऱ्या पायऱ्या चढून वर गेलात की एकदम काळ्या पाषाणातलं कोरीवकाम अंगावर येतं. यादवकालीन, तेराव्या शतकातलं मानतात. सुरसुंदरी, रामायण-महाभारताचे प्रसंग, भला मोठा नंदी. बऱ्याच मूर्तींचे चेहरे-हात फोडलेत, ते बघून वाईट वाटतं, पण जे शिल्लक आहे तेही तासभर पुरतं. स्त्रीरूपातला गणपती आहे, गणेश्वरी किंवा वैनायकी म्हणतात, ती उंचावर असल्याने पटकन दिसत नाही, तिथल्या कुणालाही विचारा, दाखवतात. आत उजेड कमी, टॉर्च न्या.

तिथून परत हायवेला, चौफुला, वरवंड करत पाटस, आणि पाटसहून उजवीकडे बारामती रस्त्याला रोटी घाट. घाट म्हणजे नावाला घाट, पण चढून गेल्यावर हवा बदलते. माळावर फोर सीझन्सची वायनरी आहे. आधी विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपची होती, नंतर ग्रोव्हर झाम्पा या वाइन कंपनीने घेतली, गावात अजून बरेच जण मल्ल्याचीच म्हणतात. टूर आणि टेस्टिंगच्या वेळा बदलत असतात, फोन केल्याशिवाय जाऊ नका. वेलींच्या रांगा, स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं, मग टेबलावर आधी पांढऱ्या आणि शेवटी लाल. जेवण तिथेही मिळतं, पण माझं मत विचाराल तर जेवण गावच्या साध्या खानावळीतच करावं, भाकरी-मटण किंवा पिठलं, नाहीतर एवढं लांब येऊन पास्ता खायचा तर कोरेगाव पार्क काय वाईट होतं.

कुणाला या पट्ट्यातलं अजून काही माहीत असेल तर भर घाला.

---

भटकी_मैना

मस्त! वाचनखूण साठवली. दोन शंका. लहान मुलं बरोबर असतील तर वायनरीत सोडतात का, आणि मी स्वतः पीत नाही तर नुसतं बघण्यात मजा आहे का?

---

सोलापूररोडवाला

@भटकी_मैना, मुलं बरोबर नेता येतात का तेही फोनवरच विचारून घ्या, टेस्टिंगला अर्थातच बसवत नाहीत, आपल्याकडे वाइन-बिअरला वयाची अट २१ आहे. न पिणाऱ्यांना माझ्या मते टाक्यांचा भाग जास्त आवडतो. लाल वाइनला रंग सालीतून येतो, गर बहुतेक सगळ्या द्राक्षांचा पांढराच असतो, म्हणजे काळ्या द्राक्षाचा रस सालीसकट आंबवला तर लाल आणि साल लगेच काढून टाकली तर जवळजवळ पांढरी. हे बायकोला तिथे कळलं तेव्हा तिने मला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

---

सदाचारी

क्षमस्व पण मला हे पटलं नाही. सकाळी महादेवाचं दर्शन आणि दुपारी दारू? एक दिवस तरी दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नाहीत का. आणि वर त्याला टूर म्हणायचं.

---

फुकटचंबू

काका, दर्शन आधी आहे ना, नंतर असतं तर मीही तुमच्या बाजूने बोललो असतो 😄

---

पाटसकर

आमच्या भागावर धागा आलेला बघून बरं वाटलं, म्हणून पहिल्यांदाच लिहितोय, चुकभूल माफ.

@सदाचारी, तुमचा मुद्दा आमच्याकडे फार जुना झालाय. ज्या रोटी घाटाबद्दल वर लिहिलंय त्याच घाटातून दर आषाढात देहूची तुकोबारायांची पालखी चढते. यवतचा मुक्काम, मग वरवंडचा मुक्काम, पाटसला विसावा आणि मग घाट. रथाला जास्तीच्या बैलजोड्या लावतात, सगळं गाव घाटात असतं. रोटीत अभंग आरती होते. मग पुढे उंडवडी गवळ्याची. त्याच डोंगरावर वायनरी आहे आणि गावातल्या लोकांना तिथे कामही मिळालंय, त्यात माळकरीसुद्धा आहेत. पीत नाहीत, छाटणीला जातात. कुणाचं काही अडत नाही.

बाहेरच्यांना कळत नाही ती गोष्ट म्हणजे पाणी. हायवेच्या खालच्या अंगाला खडकवासल्याचा कालवा, नदी, त्यामुळे सगळा ऊस. हायवेच्या वर रोटीकडचा माळ जिरायती, तिथे पूर्वी बाजरी, मटकी, हुलगा आणि मेंढरं. वाइनच्या द्राक्षाला उसाच्या मानाने पाणी फार कमी लागतं आणि उलट भारी काळी जमीन चालत नाही, निचऱ्याची मुरमाड लागते. तेव्हा ज्या माळाला कुणी विचारत नव्हतं तिथेच बाग आली.

आणि मंडळी, वेळ असेल तर येताना केडगाव-चौफुल्याच्या आसपास एखाद्या गुऱ्हाळावर थांबा. हंगाम दिवाळीनंतर जोरात असतो. काहिलीतला गरम पाक, गरम गूळ, काकवी. तुमच्या टेस्टिंगपेक्षा हे टेस्टिंग सरस आहे, आणि घरी नेलेली काकवी सासूबाईंनाही चालते.

---

भटकी_मैना

पाटसकर, तुमच्यासारख्यांनी आणखी लिहायला हवं. यवतच्या पिठल्याबद्दल ऐकलंय ते काय आहे?

---

पाटसकर

पालखीच्या मुक्कामाला यवतकर काळभैरवनाथाच्या देवळात वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करतात. भाकरी गावात घरोघरी थापून गोळा होते, पिठलं मोठ्या कढयांत. हे एरवी हॉटेलात मिळत नाही, त्यासाठी पालखीलाच यायला लागेल, पण तेव्हा हायवेवर तुमची गाडी चालणार नाही. आणि आषाढी एकादशीला राज्यात ड्राय डे असतो हेही लक्षात ठेवा.

---

बखरीतला_उंदीर

भुलेश्वरबद्दल थोडी भर, कारण वर "गढी असावी तसं" लिहिलंय ते बरोबरच आहे, देऊळ खरंच किल्ल्याच्या आत आहे. नाव दौलतमंगळ, काही जण मंगळगड म्हणतात. आदिलशाही सरदार मुरार जगदेवने बांधला. हाच तो मुरार जगदेव ज्याच्या काळात, १६३० च्या सुमारास, आदिलशाही फौजेने पुणं जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकली असं परंपरा सांगते. म्हणजे पुणं उजाड करायचं आणि इथे डोंगरावर ठाणं वसवून मुलखावर नजर ठेवायची असा तो डाव होता. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पुणं परत उभं राहिलं आणि दौलतमंगळचे दोन-चार बुरूज आणि तटाचे तुकडे तेवढे उरलेत. देवळाच्या गाडीतळावर उतरून लोक सरळ पायऱ्यांकडे धावतात, त्याआधी जरा आजूबाजूला बघा.

याच मुरारपंतांची अजून एक गोष्ट आहे, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्यांनी हत्तीची तुला केली, आणि हत्ती तोलायचा कसा याची युक्ती शहाजीराजांनी सांगितली म्हणतात, हत्ती नावेत उभा करून पाण्याच्या रेघेवर खूण करायची, मग तेवढे दगड भरून ते तोलायचे. त्यावरून त्या गावाचं तुळापूर झालं. पुण्यावर नांगर आणि संगमावर दानधर्म, एकच माणूस.

आणि सुपे विसरू नका. शहाजीराजांची जहागीर नेहमी "पुणे-सुपे" अशी जोडीने म्हणतो ना, ते सुपे चौफुल्याहून मोरगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यातच आहे.

माझं वैयक्तिक मत, ज्यांना भुलेश्वरचा चढ जमत नाही त्यांनी त्याऐवजी थेऊर करावं. हायवेपासून अगदी जवळ. चिंतामणीचं देऊळ तर आहेच, पण माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला तिथेच गेले, सत्ताविसाव्या वर्षी, क्षयाने. रमाबाई तिथेच सती गेल्या, नदीकाठी त्यांचं स्मारक आहे. अष्टविनायक करणारे नव्वद टक्के लोक तिथे न जाता प्रसाद घेऊन गाडीत बसतात.

---

मीच_तो_खादाड

इतिहास झाला, आता मुद्द्यावर येऊ. वाइनबरोबर गावचं मटण, कुणी करून बघितलंय का नीट? लोक सरसकट "लाल मटणाला लाल वाइन" म्हणतात ते पुस्तकी आहे. आपल्या रश्श्यात जो तिखटपणा असतो त्यावर शिराझ किंवा कॅबर्नेसारखी कडक लाल वाइन घेतली की दोन्ही एकमेकांना पेटवतात, तोंडात नुसतं जळतं आणि वाइन कडवट लागते. त्यापेक्षा जरा गोडसर पांढरी, शेनिन ब्लाँ, गार करून घ्या, तिखटाला आवरते. शिराझ ठेवायची ती सुक्या मटणाला, खोबरं-तीळ भाजलेला काळा मसाला असेल तर. आणि खर्डा ताटात असेल तर कुठलीच वाइन घेऊ नका, ताक प्या.

मासवडीबद्दल मात्र मी ठाम आहे, बेसनाचं आवरण, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर रस्सा वेगळा. रस्सा बाजूला ठेवून नुसती मासवडी आणि पांढरी सोव्हिन्यों ब्लाँ. अफाट.

---

सोलापूररोडवाला

मासवडी आमच्या सोलापूर रोडवर कुठे, ती जुन्नर-आंबेगावची.

---

मीच_तो_खादाड

डब्यात घालून न्या की. नियम आहे का तिथेच बनलेली खायची?

---

जंबो_काळी

मासवडीचं नाव निघालं आणि नारायणगावचा माणूस गप्प बसेल असं होणार नाही. वाइनचं म्हणाल तर पुणे जिल्ह्यात ती आधी आमच्याकडे आली, नाशिकचं नाव होण्याच्या कितीतरी आधी. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला शॅतो इंडाज सुरू केली, फ्रान्सच्या पायपर-हायडसिक या शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक सहकार्य घेऊन, आणि फसफसणारी वाइन काढली, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, शॅम्पेनच्या पद्धतीने. बाहेरदेशी ती ओमर खय्याम नावाने जायची, इथे मार्की द पॉम्पादूर. तमाशाच्या राहुट्या, टोमॅटोचा बाजार आणि फ्रेंच नावाची वाइन, एकाच गावात! पुढे पसारा फार वाढला, २००८ नंतरच्या मंदीत कंपनी कर्जात गेली आणि संपली. आता बघायला जावं असं तिचं काही राहिलं नाही.

वर पाटसकरांनी जमिनीचं बरोबर सांगितलं. मी खायच्या द्राक्षाचा बागाईतदार, जंबो आणि शरद सीडलेस. आमची बाग मांडवावर, वाइनची बाग तारांवर उभी, कमरे-छातीएवढी. आमचा घड भरला पाहिजे, मणी मोठा, साल पातळ, ग्राहकाला बी नको. त्यांना उलट हवं, मणी बारीक, साल जाड, बी असलेला, आणि गोडी जास्त, बावीस-चोवीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढतात, आम्ही अठराच्या आसपास. त्या बागेतला घड तोडून खाल्लात तर गोड लागेल पण बिया थुंकत बसाल. छाट्या मात्र दोघांच्याही दोन, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे झोपत नाही, म्हणून त्याला छाटून वळण लावायचं आणि पीक पावसाळ्यात येऊ द्यायचं नाही. म्हणून तोडणी जानेवारी ते मार्च. तेव्हाच जा. जूनमध्ये गेलात तर नुसती पानं.

जाता जाता, हडपसर सोडल्यावर मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. मांजरी नवीन, मांजरी मेडिका हे वाण तिथलेच, मेडिका खास रसासाठी. ते पर्यटनाचं ठिकाण नाही, पण ज्या रस्त्यावरून तुम्ही वायनरीला जाता त्याच्या तोंडाशीच द्राक्षाचं डोकं बसलंय हे माहीत असावं.

---

बखरीतला_उंदीर

जंबो_काळी, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा.

---

विमाननगरी

सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा २०२२ चा निर्णय शेतकऱ्यांसाठी चांगला होता की नाही यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

फुकटचंबू

नको. नको. नको. मागच्या वेळी त्यावर दोनशे प्रतिसाद आणि तीन आयडी उडाले. सहल चालू द्या.

---

भित्रा_ड्रायव्हर

सगळे लिहितायत पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही, गाडी कोण चालवणार? पाच-सहा घोट म्हणता म्हणता ग्लासभर होते, आणि कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ आहे, पहिल्या वेळी दंड दहा हजारांपर्यंत किंवा कैद किंवा दोन्ही. हायवेवर उसाच्या ट्रॉल्या, दिवे नसलेल्या. मी दर वेळी "तू पीत नाहीस ना, मग तूच चालव" मध्ये सापडतो. ड्रायव्हर करा सरळ, चौघांत वाटला तर काही वाटत नाही. नाहीतर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते वापरा, बाहेरचे लोक वापरतात, आपल्यालाच पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

---

भटकी_मैना

आम्ही जाऊन आलो! तिघी मैत्रिणी आणि एकीचे सासरे. ड्रायव्हर केला होता, भित्रा_ड्रायव्हर यांचे आभार.

निघायला आमच्या नेहमीप्रमाणे उशीर, भुलेश्वरला पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले आणि अनवाणी त्या काळ्या फरशीवर पाय अक्षरशः भाजले, फेब्रुवारीत. मोजे न्या. पण आतलं बघून सगळं विसरलो. सासऱ्यांनी पिंडीला पेढ्यांचा नैवेद्य दाखवला, तिथे पिंडीखाली ठेवलेल्या पेढ्यांतला एखादा देव खातो अशी श्रद्धा आहे, त्यांनी तो मोजून परत घेतला आणि कमी भरला की नाही ते सांगायला तयार नाहीत. गणेश्वरी सापडली. खाली उतरून तटाचा बुरूजही बघितला, उंदीरभाऊ, तुमच्यामुळे, नाहीतर खरंच सरळ गाडीत बसलो असतो.

वायनरीत तोडणी चालू होती. आंबूस वास, चिलटं, क्रेटच्या राशी, पुस्तकात दाखवतात तसं रोमँटिक काही नाही, कारखानाच आहे, आणि मला तेच जास्त आवडलं. मी न पिणारी, मी विचारत बसले. बायका पहाटेच तोडणी उरकतात कारण उन्हात तोडलेल्या द्राक्षाचा रस लगेच आंबायला लागतो, हे तिथल्याच एका मावशींनी सांगितलं. सासरे म्हणाले हे सगळं ठीक आहे पण चव काढ्यासारखी आहे, आणि मग गोड पांढरी दिल्यावर म्हणाले ही बरी आहे, अजून थोडी.

जेवणाचं मात्र, हायवेवरच्या एका मोठ्या बोर्डाच्या हॉटेलात गेलो तर रश्श्यात नुसता रंग. पाटसकर, पुढच्या वेळी तुम्हाला विचारूनच. गुऱ्हाळ मिळालं, काकवी घेतली.

एक भर माझ्याकडूनही. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मुली-बायकांना आणून इथे सांभाळलं, शिकवलं, आणि १९२२ मध्ये त्या इथेच गेल्या. आमच्यातली एक म्हणाली की या रस्त्यावर पेशवे आणि सरदारांचं सगळे सांगतात, हिचं कुणी सांगत नाही. खरं आहे. पण मोरगाव पण करू, सुपे पण करू असं करत बसलो असतो तर काहीच धड झालं नसतं, तेव्हा ते सगळं पुढच्या फेरीला.

---

सदाचारी

मुक्ती मिशनचं माहीत नव्हतं. भुलेश्वर आणि केडगाव असं आम्ही दोघं करून येऊ. मधलं वगळून.

---

पाटसकर

या काका, केडगाव स्टेशनला पुण्याहून दौंडकडची गाडीही थांबते. नारायण महाराजांचं बेटही तिथेच, दत्ताचं देऊळ आहे. जेवायला आमच्याकडे या.

---

विमाननगरी

तिथून घेतलेल्या बाटल्या घरी नेताना काही काळजी? मागच्या वेळी मित्राची सगळी वाइन आंबट लागली.

---

जंबो_काळी

डिकीत ठेवून दिवसभर उन्हात फिरला असणार. मार्चनंतर बंद गाडीत भट्टी होते, वाइन शिजते. वायनरी शेवटी ठेवा, थर्माकोलचा डबा न्या, आणि पायाशी एसीच्या झोतात ठेवा. द्राक्षाची पेटी आम्ही तशीच नेतो.

---

सोलापूररोडवाला

धन्यवाद, डब्याचं मूळ धाग्यात घालतो. भटकी_मैना, हॉटेलचं व्यक्तिगत निरोपात सांगा, इथे नाव नको.